सरकीच्या ढिगात झोपलेली अळी : जिनिंगवाल्यांना खुले पत्र

जिनिंग-प्रेसिंगचे मालक, चालक, मॅनेजर आणि ग्रेडर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कपाशीची बोंडे आतून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीवर दर हंगामात पुष्कळ बोलले जाते. बोलणारे शेतकऱ्याला उपदेश करतात, बियाणे कंपन्यांशी भांडतात, सरकारकडे भरपाई मागतात. तुमच्याकडे मात्र कोणी वळत नाही. सरकी वेगळी करायला कापूस तुमच्या फाटकातून आत आला की किडीचा विषय संपला, असेच सगळे धरून चालतात. हे पत्र त्या समजाविरुद्ध आहे. या किडीच्या आयुष्यातला सर्वांत लांब टप्पा ती न खाता, न हलता काढते, आणि त्या टप्प्यातल्या बऱ्याच अळ्या तुमच्या आवारात, सरकीच्या ढिगात पडून असतात.

तुमचा संबंध कापसाशी येतो तो वेचणीनंतर, म्हणून आधी शेतातला भाग सांगतो. तो कळल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही.

या किडीचा पतंग बघणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. करडा-तपकिरी, पंख पसरले तरी दोन सेंटीमीटरच्या आत. दिवसा ढेकळाखाली नाहीतर पानांच्या सावलीत दडतो, रात्री उडतो. मादी शे-दोनशे अंडी घालते, एकेक किंवा चार-पाचांच्या पुंजक्यात. हंगामाच्या सुरुवातीला पात्यांवर (अगदी कोवळ्या, नुकत्या धरलेल्या कळ्यांवर), मोठ्या कळ्यांवर, कोवळ्या शेंड्यांवर; बोंडे धरली की बोंडाच्या बुडाशी, हिरव्या आवरणाच्या आत. अंडे जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचे, आधी मोत्यासारखे पांढरे आणि उबायच्या वेळी तांबूस. ३ ते ६ दिवसांत ते उबते, आणि बाहेर पडलेली अळी साधारण दोन तासांच्या आत कळीत किंवा बोंडात शिरलेली असते. फवारणीच्या तावडीत ती सापडते ती एवढ्याच वेळात. एकदा आत गेली की शिरलेले छिद्र भरून येते आणि बोंड बाहेरून हिरवेगार, टणक, निरोगी दिसत राहते.

हिरवी बोंडअळी निदान आपली ओळख लपवत नाही. ती अर्धे अंग बाहेर ठेवून बोंड पोखरते, विष्ठेचा सडा टाकते, बांधावरून जाणाऱ्यालाही दिसते. गुलाबी अळीचे तसे नाही. फुलात शिरली तर पाकळ्या आतून रेशमाने बांधून टाकते, फूल उमलतच नाही. त्याला डोमकळी म्हणतात, आणि सुरुवातीच्या पिढीची बाहेरून दिसणारी खूण ती एवढीच. बोंडात शिरलेली ओळखायची तर बोंड फोडावे लागते. फोडल्यावर सालीच्या आतल्या अंगाला बारीक फोडासारखे उंचवटे दिसतात, अळी सालीतून आत उतरली त्या वाटेवरचे. पुढे ती कोवळी सरकी खाते. एक सरकी संपली की रुई कापत दुसरीकडे, कप्पा संपला की मधल्या पडद्याला भोक पाडून शेजारच्या कप्प्यात. लहानपणी ती पांढरट असते, डोके तेवढे काळपट. गुलाबी रंग चढतो तो शेवटच्या अवस्थांमध्ये, म्हणजे शेतकरी तिला ‘गुलाबी’ म्हणून ओळखतो तेव्हा तिचे बहुतेक खाऊन झालेले असते.

हंगामाच्या मध्यावर असेल तर १०-१४ दिवसांत पूर्ण वाढलेली अळी बोंडाला जवळपास २ मिलीमीटरचे, कोरून काढल्यासारखे गोल भोक पाडून बाहेर येते, जमिनीवर पडते, पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोषात जाते. ७-१० दिवसांनी पतंग. उबदार हवेत सगळे चक्र महिनाभराचे. एका हंगामात अशा चार ते सहा पिढ्या होतात. सुरुवातीच्या पिढ्या लहान असतात, त्यांचे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. नंतरच्या पिढ्या एकमेकींत मिसळतात आणि मग शेतात एकाच दिवशी अंडे, अळी, कोष, पतंग सगळेच सापडते. तिथून पुढे फवारणीचा मेळ बसवणे अवघड.

इथपर्यंतची माहिती कोणत्याही पत्रकात मिळेल. पुढची मिळाली तरी दोन ओळींत उरकलेली असते, आणि नेमकी तीच तुमच्या कामाची आहे.

हंगाम सरता सरता दिवस लहान होतात. उजेड साधारण १३ तासांच्या खाली आला, रात्री गार झाल्या आणि अळीच्या तोंडी कोवळ्याऐवजी पिकलेली, तेलाने भरलेली सरकी येऊ लागली, की तिच्या शरीरात बदल होतो. अंगात चरबी साठते. वाढ पूर्ण होऊनही ती कोषात जात नाही. बोंडातून बाहेर पडायची घाईही नाही. ती स्वतःभोवती रेशमाची घट्ट कुपी विणते आणि आत पडून राहते. शास्त्रज्ञ याला सुप्तावस्था म्हणतात. ही कुपी कधी जमिनीवरच्या पाचोळ्यात असते, कधी झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडात. पण पुष्कळदा ती सरकीत असते. अळी एक सरकी आतून पोकळ करते, दुसरी तिला तोंडाशी तोंड लावून रेशमाने शिवते आणि त्या दोघींच्या पोकळीत अंग मुडपून बसते. असे कित्येक महिने. परिस्थिती अनुकूल झाली नाही तर दोन वर्षांहूनही अधिक काळ ती अशी राहिल्याच्या नोंदी आहेत.

ही जोडसरकी तुमच्या ग्रेडरने हजार वेळा पाहिलेली आहे. रेच्याखालून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राखालून, आलेल्या सरकीत हात घातला की दोन बिया चिकटलेल्या लागतात. सहसा त्या तशाच टाकून दिल्या जातात. पुढच्या वेळी नखाने उघडून बघा. सहज सुटत नाहीत, शिवण चांगली घट्ट असते. सुटल्यावर आत पांढरे, कागदासारखे पातळ अस्तर दिसेल आणि त्यात सेंटीमीटरभर लांबीची, आखडलेली गुलाबी अळी. मेल्यासारखी दिसते. तळहातावर ऊब मिळाली की थोड्या वेळाने डोके हलवते.

ती तिथवर जिवंत पोहोचली कशी, याचे उत्तर तुमच्या यंत्रात आहे. करवती जिनिंगमध्ये कापूस आधी सफाई यंत्रांतून आपटत, झटकत जातो आणि त्यात बऱ्याच अळ्या चिरडतात. रोलर जिनिंग रुईला जपते, धाग्याची लांबी राखते, आणि त्याच सौम्यपणाने अळीलाही जपते. यात तुमचा दोष नाही. चांगल्या रुईसाठी रोलरच हवा हे मान्य. मात्र त्यामुळे रुईच्या गाठी बांधून झाल्यावर सरकीचे काय होते याची जबाबदारी वाढते. सरकी लगेच तेलाच्या घाण्यात गेली तर अळीही तेलाबरोबर संपली. महिनोन्‌महिने आवारात साठून राहिली तर तो ढीग म्हणजे पुढच्या हंगामाच्या पतंगांचे कोठार.

हा अंदाज नव्हे, या किडीचा सगळा इतिहासच सरकीच्या पाठीवरून झालेला आहे. १८४० च्या दशकात सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते भडोचच्या कापसातून पाठवलेल्या नमुन्यांवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इजिप्तमध्ये पोहोचली, तिथून बियाण्याच्या सरकीबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत. अमेरिकेत ती प्रथम सापडली १९१७ मध्ये, टेक्सासातल्या हर्न गावाजवळच्या शेतात. ते शेत कुठे होते? एका तेलगिरणीच्या शेजारी, आणि त्या गिरणीने आदल्या वर्षी मेक्सिकोतून सरकी आणलेली होती. पतंग वाऱ्यावर लांब जातो हे खरे आहे, पण समुद्र ओलांडायला त्याला पंख लागलेच नाहीत. आपण पोती भरून नेली.

हर्नचा प्रसंग मला यासाठी महत्त्वाचा वाटतो की त्यात नवी कीड शोधणाऱ्यांना आधी गिरणीकडे बोट दाखवता आले. आजच्या घडीला कीड सगळीकडेच आहे, त्यामुळे तुमच्या आवाराशेजारच्या शेतात आधी डोमकळ्या दिसल्या तरी कोणी दोन्हींची सांगड घालत नाही. एखादा शेतकरी ‘जिनिंगजवळच्या वावरात दरसाल जास्त’ असे म्हणतो तेव्हा त्याला तक्रारखोर ठरवले जाते.

अळी जागी होते ती ऊब आणि ओलावा मिळाल्यावर. उन्हाळा तापून पावसाची पहिली सर आली, हवेत दमटपणा भरला, की कुपीतली अळी कोषात जाते आणि काही दिवसांत पतंग बाहेर येतो. इथे निसर्गाने आपल्याला एक मोठी सवलत दिली आहे. सगळे पतंग एका दिवशी निघत नाहीत, कित्येक आठवडे थोडे थोडे निघतात, आणि एकेक पतंग जगतो फार तर दोनेक आठवडे. त्या काळात शेतात कपाशीला पाते नसेल तर घातलेली अंडी वाया जातात. भेंडी, अंबाडी, जास्वंद या कपाशीच्या भाऊबंदांवर ती क्वचित तग धरते, पण तिचे खरे घर कपाशीच. अन्न मिळण्याआधी निघून मरणाऱ्या या पतंगांना कीटकशास्त्रात आत्मघाती पतंग म्हणतात. वेळेआधीची पेरणी टाळा, फरदड घेऊ नका (वेचणी झालेले पीकच पुढे राखू नका), पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग बांधावर ठेवू नका, हे सगळे सल्ले त्या एका खंडावर उभे आहेत. कपाशी नसलेला काळ जितका लांब, तितके जास्त पतंग फुकट मरतात.

आता तुमच्या आवारातला ढीग या हिशोबात बसवून बघा. उघड्यावरची सरकी तापते, भिजते, तिच्यातून पतंग लवकर निघतात. त्यातले पुष्कळ आत्मघाती ठरतात, म्हणजे नुकसान कमी. गोदामाच्या आतल्या अंगाला, पोत्यांच्या थप्पीच्या पोटात मात्र हवा बदलायला वेळ लागतो. तिथली अळी उशिरा जागी होण्याची शक्यता जास्त, आणि उशिरा निघालेल्या पतंगाला बाहेर पातेधारी कपाशी तयार मिळते. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी तुमच्याकडे मागच्या हंगामाची सरकी शिल्लक असेल तर ती सर्वांत धोक्याची. रिकाम्या दिसणाऱ्या गोदामाच्या कोपऱ्यात, भेगांत, कन्व्हेयरखाली साचलेली मूठभर सरकीही त्यातच धरा.

बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी, आल्यावर हे सगळे मागे पडले, आणि ते मागे पडणे महागात गेले. भारतात एका जनुकाची बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. काही वर्षे गुलाबी बोंडअळी दिसेनाशी झाली. मग गुजरातेत अमरेलीच्या अळ्यांनी पहिल्या जनुकाचे विष पचवल्याचे उघड झाले, आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्याचेही. कारणे अनेक आहेत. आश्रयाच्या ओळी (बीटीच्या कडेने लावायच्या बिगर-बीटी कपाशीच्या ओळी) लावल्या गेल्या नाहीत हे एक. त्याहून कमी बोलले जाणारे दुसरे कारण संकरित वाणाच्या बोंडातच आहे : झाडाकडे बीटी जनुकाची एकच प्रत असते, म्हणून त्याच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत ते उतरत नाही. एका जनुकापुरते बोलायचे तर चारातली एक सरकी विषाविना राहते. झाडाचे पान खाणाऱ्या अळीला याने फरक पडत नाही. सरकी खाऊन जगणाऱ्या अळीला मात्र एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दोन्ही दाणे मिळतात, आणि अर्धवट प्रतिकारक्षम अळ्याही त्यात निभावून जातात. बीटी कपाशीच्या बोंडात हंगामाच्या शेवटी सुप्तावस्थेत गेलेली अळी ही सहसा अशा चाळणीतून वाचलेली असते. तिची पिलावळ पुढच्या वर्षी त्याच बीटीवर पुन्हा बसते. सरकीच्या ढिगात साठते ती अशी निवडक संतती.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. हर्नपासून मोजले तर शंभर वर्षांची लढाई. तिथे बीटी होतेच, पण एकटे नव्हते. जोडीला कामगंध (नराला ओढणारा मादीचा गंध) वापरून नर-मादीची भेट चुकवणे होते, हंगाम संपताच पऱ्हाटी गाडणे होते, आणि विमानातून सोडलेले किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग होते. हे पतंग ॲरिझोनातल्या फीनिक्सला पाळत, त्यांच्या खाद्यात लाल रंग घालत. सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला की रंगावरून कळे, आपला की रानातला. त्याच्या कितीतरी आधी, कीड रोखण्यासाठी तिथले संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम जिनिंगपर्यंत पोहोचले होते. जिनिंगचा कचरा वेगवान पंख्यातून ओढून नेला तर पात्यांवर आपटून अळ्या मरतात हे तपासून पाहिले गेले आणि तो मान्य उपाय ठरला. इजिप्तमध्ये तर जिनिंगमधून निघणारी सरकी ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे तापवूनच बाहेर सोडायचा कायदेशीर दंडक होता. तेवढ्या उष्णतेत अळी मरते आणि सरकीची उगवण टिकते. आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९१९ च्या मद्रास प्रांताच्या कीड-रोग कायद्याखाली कंबोडिया नावाच्या कापसाच्या पऱ्हाट्या ठरलेल्या तारखेआधी उपटणे सक्तीचे केले गेले होते. कायदा शेताच्या बांधाशी थांबला, जिनिंगच्या फाटकाशी पोहोचला नाही, एवढेच.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, सगळे आमच्याच माथी का? शेतकरी फरदड ठेवतो, पऱ्हाटी सरपणासाठी रचतो, किडका कापूस घरात साठवतो. हे सगळे खरे आहे आणि बहुतेक सुप्त अळ्या शेतातच असतात, हेही खरे. तरी एक फरक आहे. शेतातल्या अळ्या हजारो वावरांत विखुरलेल्या असतात. तुमच्याकडे त्या हजारो वावरांतून गोळा होऊन एका भिंतीआड येतात. विखुरलेल्यांच्या मागे लागण्यापेक्षा गोळा झालेल्यांना गाठणे सोपे, स्वस्त आणि बिनविषारी. हजार शेतकऱ्यांना एका तारखेला एक काम करायला लावणे किती कठीण असते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला एका मॅनेजरला पटवणे केव्हाही परवडेल.

दुसरे असे की कीड किती आणि कुठे आहे हे तुम्हाला सर्वांच्या आधी कळते. गाडी उभी राहिली की तुमचा माणूस मूठभर कापूस उपसतो, पिवळे डाग बघतो, कवडी (नीट न उमललेला, किडका कापूस) बघतो, धागा ओढून तुटतो का पाहतो, सरकी दाताखाली धरतो. एका मिनिटात त्या शेतातल्या बोंडअळीचा अहवाल त्याच्या हातात असतो. त्याचा उपयोग होतो तो फक्त भाव पाडायला. शेतकरी कमी पैसे घेऊन जातो, आणि ज्या गावातून डागी कापूस येतोय त्या गावाची नोंद कुठेच होत नाही. मला हे किडीच्या नुकसानाइतकेच बोचते. गावाचे नाव आणि ‘कवडी जास्त’ एवढे दोन शब्द गाडीच्या नोंदीत लिहायला वेगळा माणूस लागत नाही. हंगामाअखेर ती वही कृषी सहायकाला दाखवली तर पुढच्या वर्षी सापळे आधी कुठे लावायचे हे त्याला कळेल.

सापळ्यांचे सांगतो. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला. दोन घटक, निम्मे-निम्मे. त्याची ल्यूर, म्हणजे सापळ्यात लावायची गंधाची वडी, आज सहज मिळते. आवारात, सरकीच्या गोदामापाशी, कचऱ्याच्या ढिगाशेजारी असे कामगंध सापळे टांगा आणि हंगाम संपल्यापासून नव्या पिकाला बोंडे धरेपर्यंत काढू नका. ल्यूर ठरलेल्या मुदतीने बदला, नाहीतर रिकामा सापळा बघून कीड नाही असा गैरसमज होतो. यात एक मर्यादा आहे : सापळ्यात नरच येतात, माद्या नाहीत. आवारात पतंगांची गर्दी असेल तर केवळ सापळ्यांनी ती आटोक्यात येणार नाही. त्यांचे खरे मोल आकड्यात आहे. शेतासाठी सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग ही धोक्याची पातळी धरतात. तुमच्या सापळ्यांतला आकडा वाढू लागला आणि बाहेर कपाशी पात्यावर आलेली असली, तर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना तो त्याच दिवशी कळायला हवा. फाटकावर भावाचा फलक असतोच, त्याखाली अजून एक ओळ मावेल.

कचऱ्याबद्दल थोडेच. कवडी, फुटकी सरकी, बोंडांची टरफले बांधावर किंवा खतासाठी म्हणून शेतकऱ्याच्या गाडीत परत घालू नका. ढीग लावून नीट कुजवला, आतून तापला, तर अळ्या मरतात. पसरून टाकला तर जगतात. बियाण्यासाठी जाणारी सरकी आम्लाने धुतली जाते तेव्हा तिच्यातल्या अळ्या जळून जातात, त्यामुळे त्या सरकीची काळजी कमी. काळजी आहे ती तेलगिरणीची आणि ढेपेची वाट बघत पडलेल्या सरकीची.

तेव्हा मुख्य मागणी ही. सरकी बाजारभाव चढण्याची वाट बघत ठेवण्यात तुमचा व्यापार आहे हे मला समजते, आणि वर्षभर एकही पोते ठेवू नका असे मी म्हणत नाही. पण पेरणीनंतर कपाशीला पाते लागण्याआधी जुन्या हंगामाची सरकी गाळून संपलेली असावी, राहिलीच तर तिला कीडनाशक वायूची धुरी दिलेली असावी, आणि गोदाम कोपऱ्यांसकट झाडून ती झाडणी जाळलेली असावी. धुरी परवानाधारक माणसाकडूनच द्या, तो वायू माणसालाही सोडत नाही. तुमच्या संघटनेने पुढच्या बैठकीत सर्व सभासदांसाठी एकच अखेरची तारीख ठरवावी. एका जिनिंगने पाळली आणि शेजारच्याने नाही, तर पाळणाऱ्याच्या वाट्याला फक्त खर्च येतो. तारीख ठरली की जाहीर करा, म्हणजे पेरणीची तारीख पाळायला सांगितलेला शेतकरीही तुमच्याकडे ती मागू शकेल.

कळावे.

आपला,
कपाशीत सापळे मोजणारा एक कार्यकर्ता